टेपच्या तोंडातली वायर

कॅसेटला शेपूट? हो, असायचं! २००५ च्या आसपास ज्यांच्या गाडीत टेप होता आणि खिशात एमपीथ्री प्लेअर, त्यांना ही शेपटीवाली कॅसेट लगेच आठवेल. दिसायला साधी कॅसेट, पण एका कोपऱ्यातून मीटरभर काळी वायर बाहेर आलेली आणि वायरीच्या टोकाला हेडफोनची पिन. पिन प्लेअरमध्ये खोचायची, कॅसेट टेपच्या तोंडात सरकवायची, आणि टेपमधून प्लेअरमधलं गाणं सुरू!

माझ्याकडची अजून शाबूत आहे. परवा तिचे स्क्रू काढून ती उघडली. आत रीळ नाही, फीत नाही. एका कडेला नखाएवढं धातूचं हेड, त्याला जोडलेल्या केसासारख्या बारीक वायरी, आणि मधे प्लास्टिकची चार-पाच दातेरी चक्रं. संपला संसार.

हे चालतं कसं? कॅसेटच्या फितीवर गाणं चुंबकाच्या रूपात लिहिलेलं असतं. फीत सरकते तसं तिचं चुंबकत्व बदलत जातं आणि टेपचं हेड तो बदल टिपून त्याची वीज करतं. आता त्या हेडसमोर फितीऐवजी दुसरं हेड नाकाला नाक लावून उभं करा आणि त्यातून प्लेअरचं गाणं सोडा. चुंबकत्व तसंच बदलतं. टेपच्या हेडला फक्त तो बदल कळतो. समोर फीत आहे की आणखी काही, हे त्याला कळायची सोयच नाही. मग ती दातेरी चक्रं कशाला? तर रीळ फिरत नाहीये असं वाटलं की टेप समजतो कॅसेट संपली, आणि थांबतो किंवा बाजू बदलतो. चक्रं त्याची समजूत घालतात. गाण्याच्या मागे बारीक ‘करकर’ ऐकू यायची ती याच चक्रांची.

ही युक्ती अमेरिकेतल्या लॅरी शॉट्झ यांची. १९८८ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. तेव्हा प्रश्न एमपीथ्रीचा नव्हता, सीडीचा होता. लोकांच्या हातात सीडी प्लेअर आले होते आणि गाड्यांत टेप बसलेले होते. गाडी काही कुणी दर दोन वर्षांनी बदलत नाही, गाणी वाजवायचं यंत्र मात्र बदलतं. ही ओढाताण ९०-९५ वर्षं चालू आहे, आणि तिच्यातून एकाहून एक सुरस प्रकार जन्मले आहेत.

मोटर अधिक ओला

१९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने गाडीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला. त्याला नाव हवं होतं. त्या काळी अमेरिकेत ग्रामोफोनला ‘व्हिक्ट्रोला’ म्हणायची पद्धत होती, म्हणून पॉल गॅल्विन यांनी ‘मोटर’ला ‘ओला’ जोडलं आणि झालं ‘मोटोरोला’. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच हे नाव घेतलं. म्हणजे ज्या नावाचे मोबाईल आपण वापरले, ते नाव जन्माला आलं गाडीतल्या रेडिओसाठी! आज त्याच नावाचा फोन गाडीच्या स्टिरिओला जोडणारा माणूस लेकीला माहेरी आणत असतो.

युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा रेडिओ आला. वजन साधारण १५ किलो! व्हॉल्व्हचा जमाना, त्यामुळे रेडिओचं धूड एकीकडे आणि ते चालवायची बटणं स्टिअरिंगजवळ दुसरीकडे. ब्लाउपुंक्ट म्हणजे जर्मनमध्ये ‘निळा ठिपका’. ही कंपनी आधी हेडफोन करायची. तपासून पास झालेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावायची. गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘निळा ठिपका’च मागू लागलं, तेव्हा कंपनीने तेच नाव धरलं.

रेडिओत एकच खोट. गाणं स्टेशनच्या मर्जीचं! आपल्या आवडीचं गाणं, आपल्याला हवं तेव्हा, चालत्या गाडीत वाजलं पाहिजे, हा हट्ट तिथून सुरू झाला.

आणि त्यासाठी माणसाने काय केलं असेल? चालत्या गाडीत चक्क तबकडी लावली! १९५६ मध्ये क्रायस्लर कंपनीने डॅशबोर्डखाली बसणारा रेकॉर्ड प्लेअर दिला. नाव ‘हायवे हाय-फाय’. बनवणारे पीटर गोल्डमार्क, म्हणजे ज्यांनी आपल्याला लाँग प्ले रेकॉर्ड दिली तेच. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे इतकी सावकाश फिरवली, खाचा अतिबारीक केल्या आणि सुईवर वजन टाकलं. तबकडी अवघी सात इंची, तरी एका बाजूला पाऊण तासाच्या आसपास वाजायची. पण ती खास या यंत्रासाठीच बनवलेली असायची. घरातली आवडती रेकॉर्ड उचलून गाडीत लावायची सोय नव्हती. काही वर्षांतच प्रकरण गुंडाळावं लागलं. पुढे पन्नास वर्षांत जी जी यंत्रं गाडीत टिकली, ती घरातलं गाणं जसंच्या तसं गाडीत नेऊ देणारी होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे.

मधे एक गंमतशीर टप्पा ‘एट ट्रॅक’चा. १९६४ च्या सुमारास बिल लिअर यांनी ही फितीची डबी, म्हणजे कार्ट्रिज, आणली. हे तेच लिअर, ज्यांच्या नावाची छोटी जेट विमानं आहेत. फोर्डने १९६६ च्या मॉडेलांत एट ट्रॅक देऊ केला आणि अमेरिकेत तो तुफान चालला. फितीचं एकच रीळ, त्याला शेवट नाही, गोल गोल फिरणारी अखंड फीत. तिच्यावर चार भाग शेजारी शेजारी. एक भाग संपला की ‘खट्ट’ आवाज करून हेड पुढच्या भागावर सरकायचं. कधीकधी हा खट्ट नेमका गाण्याच्या मधोमध यायचा. कडव्याचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे!

जॅकखाली गेलेला ठोकळा

मग आली आपली कॅसेट. फिलिप्सच्या लू ओटेन्स यांनी ती करताना आधी कागदावर आकडे नाही मांडले. त्यांनी एक लाकडी ठोकळा घेतला, तासून तासून आपल्या कोटाच्या खिशात मावेल इतका केला आणि सांगितलं, यंत्र एवढं हवं. १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आली. तो ठोकळा आज संग्रहालयात असायला हवा होता, पण नाही. गाडीचं चाक पंक्चर झालं तेव्हा ओटेन्स यांनी तो जॅकखाली आधाराला घातला आणि तिथेच विसरले! गाड्यांवर तीस वर्षं राज्य करणाऱ्या वस्तूचा पहिला नमुना गाडीखालीच गेला.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. हिशेब करून बघा: साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूचा अर्धा तास, म्हणजे जवळपास ८६ मीटर फीत. एवढं लांब प्रकरण तळहाताएवढ्या डबीत! आणि टेपने फीत ‘खाल्ली’ की तेच डॅशबोर्डमधून आतड्यासारखं बाहेर यायचं. मग शिसपेन्सिल घालून रीळ गुंडाळत बसायचं. मागच्या सीटवर बसून हे काम मी लहानपणी कितीदा केलंय. पेन्सिल षटकोनीच लागायची, गोल पेन्सिल रिळाच्या दात्यांत पकड घेत नाही.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवर कॅसेटने फार मोठं काम केलं. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केल्या आणि ट्रक, टेम्पो, काळ्या-पिवळ्या जीपगाड्या गायला लागल्या. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज, भीमगीतं, कोळीगीतं, कव्वाल्या हे सगळं रेडिओवर मोजकंच लागायचं. कॅसेटने ते ड्रायव्हरच्या हातात दिलं. पंढरपूरच्या वाटेवरच्या जीपमध्ये काय वाजावं हे आकाशवाणीचं केंद्र नाही, जीपवाला ठरवू लागला. ही गोष्ट मला कुठल्याही चिपपेक्षा मोठी वाटते.

लता गायब, तबला शिल्लक

आता त्या पिनेकडे वळू. साडेतीन मिलिमीटरची ही हेडफोनची पिन, गाडीवाल्यांच्या भाषेत ऑक्स पिन, फार जुन्या घराण्यातली आहे. तिचा थोरला भाऊ सहा मिलिमीटरहून जाड आणि तो जन्मला एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ‘नंबर प्लीज’ म्हणत ऑपरेटर एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसायचे ती पिन. ट्रान्झिस्टर रेडिओंच्या काळात ती बारीक झाली आणि १९७९ च्या सोनी वॉकमनने तिला घराघरात नेलं.

तिच्यावरचे काळे पट्टे नीट पाहा. टोकाचा भाग डाव्या स्पीकरचा, मधला उजव्याचा, मागचा अर्थचा, म्हणजे ग्राउंडचा. फोनच्या पिनेला माईकसाठी चौथा भाग असतो. आता ही पिन पूर्ण न बसता अर्धवट बसली की एक विलक्षण गोष्ट घडते: वाद्यं ऐकू येतात, गायिका गायब!

कारण ऐका. अर्थ सुटली की स्पीकरला पोचतो तो डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज बहुतेक वेळा बरोबर मध्यभागी, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवतात. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. उरतात कडेची वाद्यं आणि आवाजाचा घुमारा. पन्नासच्या दशकातलं मोनो गाणं असेल तर दोन्ही बाजू अगदी एकच, म्हणून अख्खं गाणंच जातं. तेव्हा ‘नवी गाणी विचित्र वाजतात आणि जुनी वाजतच नाहीत’ अशी तक्रार असेल, तर स्टिरिओ खोलू नका. पिन दाबा. नाही जमलं तर दोनशे रुपयांची वायर बदला.

दुसरी हमखास तक्रार शिट्टीची. गाडी उभी असताना आवाज स्वच्छ, आणि ॲक्सिलरेटर दिला की ‘कुंऽऽई’ करत शिट्टी वर चढते. हा अल्टरनेटरचा आवाज आहे. फोन ऑक्सला जोडलेला आणि त्याच वेळी लायटरच्या सॉकेटमधून चार्ज होत असेल, तर अर्थला दोन वाटा मिळतात आणि त्या फेऱ्यातून अल्टरनेटरची कुरबुर गाण्यात शिरते. चार्जर काढा. शिट्टी थांबली? मग दोष स्टिरिओचा नाही. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं, विजेची वाट तिथे तुटते. शेपटीवाल्या कॅसेटचीच ही चुलत बहीण.

आपलं आपलं रेडिओ स्टेशन

ज्यांच्या गाडीत ना टेप ना ऑक्स, फक्त रेडिओ आणि सीडी, त्यांच्यासाठी एफएम ट्रान्समीटर. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारं हे लहानसं यंत्र म्हणजे गाडीपुरतं रेडिओ केंद्र. फोनमधलं गाणं ते एफएमवर सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो.

शहरात मात्र जागा मिळत नाही. आपल्याकडची एफएमची पट्टी ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, आणि मुंबई-पुण्यात ती खासगी केंद्रं आणि आकाशवाणी मिळून भरलेली. रिकामी जागा शोधताना नेमका आकडा शांत असून भागत नाही, त्याच्या दोन्ही बाजूचे शेजारीही शांत हवेत. आणि पुण्यात शोधलेली शांत जागा कोल्हापूरला शांत राहीलच असं नाही. घाट उतरता उतरता आपल्या गाण्यावर दुसऱ्या गावचा निवेदक बोलायला लागतो. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर जातच नाहीत, त्यामुळे झांज-चिपळ्यांची चकाकी कमी होते. माझं सरळ मत: टेप असेल तर शेपटीवाली कॅसेट या ट्रान्समीटरपेक्षा कधीही सरस.

जाता जाता एक. एफएमच्या लहरीची लांबी साधारण तीन मीटर असते आणि तिच्या पाव भागाची अँटेना चांगलं काम करते. तीन मीटरचा पाव म्हणजे ७५ सेंटिमीटर. जुन्या गाड्यांच्या बॉनेटच्या कडेला ओढून वर करायची अँटेना आठवते ना? पूर्ण उघडल्यावर तिची उंची या आकड्याच्या आसपास का असायची, त्याचं उत्तर हे.

सीडी चेंजर असल्याचं नाटक

२३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलने आयपॉड दाखवला, खिशात हजार गाणी. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूने तो गाडीला जोडायची सोय आणली: आयपॉड कप्प्यात ठेवायचा आणि स्टिअरिंगवरच्या बटणांनी गाणी बदलायची. आतली खुबी अशी की गाडीला आयपॉड नावाची काही वस्तू असते हे ठाऊकच नव्हतं. त्या काळच्या गाड्यांना डिकीतला सीडी चेंजर, म्हणजे अनेक सीडी आपोआप बदलून वाजवणारा डबा, जोडायची जागा असायची, आयपॉड त्या जागी जाऊन बसला. नंतर बाजारात कितीतरी कंपन्यांनी याच वाटेने पेनड्राइव्ह आणि ऑक्स घुसवणारे डबे आणले. २००० ते २००८ च्या दरम्यानची चांगली गाडी कुणाकडे जपलेली असेल, तर मूळ स्टिरिओ न काढता फोन जोडायचा हा मार्ग आजही उत्तम. डॅशबोर्डचं रूप तसंच राहतं.

डबल डिन म्हणजे काय रे भाऊ?

स्टिरिओच्या दुकानात पहिला प्रश्न हाच येतो, ‘सिंगल डिन की डबल डिन?’ डिन ही जर्मनीच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरं. स्टिरिओचं तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, हे माप तिचं. डबल म्हणजे तीच रुंदी, उंची १००. आणि आपण रोज हाताळतो तो ए-फोर कागद? त्याचं मापही याच संस्थेने १९२२ मध्ये ठरवलं. मराठी शाळेतला दाखला आणि गाडीतला स्टिरिओ एकाच घरचे!

या मापाचे आपल्यावर उपकार आहेत. ते होतं म्हणून जपानी कंपनीचा स्टिरिओ भारतीय गाडीत फ्रेम लावून चपखल बसतो. हल्लीच्या गाड्यांत स्क्रीन डॅशबोर्डलाच चिकटवलेला येतो, त्यातूनच एसी चालतो, त्यातूनच मागचा कॅमेरा दिसतो. दहा वर्षांनी तो जुना झाला की काढून नवा घालायचा कुठे? १९९८ ची गाडी आज ब्लूटूथवर गाते, कारण तिच्यात एक प्रामाणिक चौकोनी भोक होतं. नव्या गाड्यांत ते भोक राहिलेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता भोकाच्या मागचं जग. स्टिरिओ सळई घालून पुढे ओढला की वायरींचा पुंजका बाहेर येतो. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग जवळपास सगळीकडे सारखे. काळी अर्थ. पिवळी थेट बॅटरीची, कायम चालू, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनांची आठवण जिवंत राहते. लाल चावीवरची, चावी फिरवली की जागी होणारी. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली जोडीदार वायर उणे बाजूची.

पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली की स्टिरिओ दर वेळी चावी काढली की सगळं विसरतो. काही युरोपीय गाड्यांत कंपनीच्या कपलरमध्येच, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्येच, या दोन जागा उलट असतात, म्हणून नवा स्टिरिओ तिथे विसराळू होतो. आणि दोन्ही वायरी एकत्र पिळून बॅटरीला दिल्या तर? ते मी भोगलंय.

बाबांच्या जुन्या हॅचबॅकला मी ब्लूटूथचा स्टिरिओ बसवून घेतला. दुकानातल्या मुलाने वीस मिनिटांत काम केलं, गाणं वाजलं, आम्ही खूश. गाडी तीन दिवस उभी होती. चौथ्या दिवशी पहाटे साताऱ्याला निघायचं म्हणून चावी फिरवली तर नुसतं ‘टक’. त्याने कंपनीचा कपलर कापून पिवळी आणि लाल एकत्र बांधली होती. चावी काढली तरी स्टिरिओ आत जागाच. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. स्टिरिओ नुसता अर्धा अँपिअर ओढत राहिला तरी ७० तासांत ती रिकामी. म्हणजे तीन दिवस. गणित अगदी चोख जुळलं! कापलेल्या वायरी सोल्डर करून घ्यायला नंतर स्टिरिओ बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

म्हणून कळकळीने सांगते, दुकानात पाय ठेवताच पहिलं वाक्य हे बोला: ‘कपलर लावा, वायर कापू नका.’ तुमच्या गाडीच्या कपलरमध्ये बसणारं जोड-कपलर थोडक्या पैशांत मिळतं. ते त्यांच्याकडे नसेल तर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, दोन दिवस थांबा, पण कंपनीच्या वायरींना कटर लावू देऊ नका. आणि स्पीकरची उणे वायर बॉडीला टेकवून ‘अर्थ घेतली’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. फार जुन्या गाड्यांत ते चालायचं. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही टोकांना जिवंत सिग्नल असतो. एक टोक बॉडीला लागलं तर आतली ॲम्प्लिफायरची चिप जाते.

खोक्यावरचे वॅट

खोक्यावर ठळक छापलेलं असतं, ५० वॅट गुणिले ४. दोनशे वॅट! स्टिरिओच्या पाठीमागचा फ्यूज काढून बघा, बऱ्याचदा १० अँपिअरचा असतो. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १४.४. दहा गुणिले चौदा पॉइंट चार म्हणजे १४४ वॅट. आत जास्तीत जास्त १४४ शिरणार, तर बाहेर दोनशे सतत कुठून येणार? १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ, न फाटलेला आवाज द्यायचा तर कागदावर जेमतेम २६ वॅट निघतात, आणि प्रत्यक्षात वीसच्या आसपास. तो छापील पन्नास म्हणजे क्षणभराचा कळस.

पण घाबरायचं कारण नाही, वीस वॅटमध्ये गाडी दणाणते. पैसे वाचले असतील तर ते दरवाज्यातल्या स्पीकरवर घाला. कंपनीचे कागदी स्पीकर वीस वर्षांत कडेला कुजतात. ते बदलले की भीमसेन जोशींचा खर्ज खर्जासारखा लागतो. आणि दरवाज्याचं पॅनेल थरथरत असेल तिथे आतून फोमची पट्टी. एवढ्यानेच निम्मी कटकट मिटते.

निळ्या दाताचा राजा

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं, टोपणनाव ‘निळा दात’. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, आणि संगणक आणि मोबाईल एकत्र आणणाऱ्या तंत्राला त्याचं नाव मिळालं. फोनवरचं ते निळं चिन्ह म्हणजे जुन्या रून लिपीतली ‘ह’ आणि ‘ब’ ही अक्षरं एकमेकांवर ठेवलेली.

आता कामाची गोष्ट. गाडीतल्या ब्लूटूथला दोन वाटा असतात. एक कॉलसाठी, एक गाण्यासाठी. कॉलची वाट अरुंद आहे, माणसाचं बोलणं कळावं एवढीच. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत फक्त ही अरुंद वाट होती. फोन लागायचा, गाणं लागायचं नाही. आजही एखाद्या गाडीत फोन लागतो पण गाणं लागत नाही असं झालं, तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या गाडीच्या नावापुढे ‘मीडिया ऑडिओ’ बंद आहे का ते पाहा. चालू केलं की गाणं गाडीत वाजू लागतं.

पेनड्राइव्हवाल्यांसाठी दोन चिमटीएवढ्या गोष्टी. जुने स्टिरिओ फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात, आणि बऱ्याच स्टिरिओत गाणी नावाच्या क्रमाने नाही, तर ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजतात. म्हणून काकड आरतीनंतर लावणी लागते! पेनड्राइव्ह रिकामा करून गाणी हव्या त्या क्रमाने पुन्हा भरा. देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी अशा स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. मराठी गाणी मराठी अक्षरांत दिसू नयेत हे मला टोचतं. आपल्याच बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही सोय पहिल्या दिवसापासून हवी होती.

काढलेल्या टेपचं काय करायचं?

भंगारात देऊ नका! बाबांच्या गाडीतून निघालेला टेप आमच्या घरी रोज वाजतो. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा सप्लाय घेतला. काळी वायर उणेला. पिवळी आणि लाल एकत्र करून अधिकला. गाडीत जे पाप होतं ते इथे बरोबर आहे, कारण इथे भिंतीवरचं बटण हीच चावी. पांढरी आणि करडी दोन जुन्या स्पीकरना. अँटेनाच्या भोकात ७५ सेंटिमीटर वायर. सगळं एका लाकडी खोक्यात, पुढे १८० बाय ५०चं भोक, ते बाबांनी स्वतः कानशीने घासून काढलं.

सकाळी बाबा विविध भारती लावतात. दुपारी आईच्या नाट्यगीतांच्या कॅसेट निघतात, पेन्सिल शेजारीच ठेवलेली असते. आणि संध्याकाळी नात आली की ती ड्रॉवरमधून शेपटीवाली कॅसेट काढते, टेपच्या तोंडात सरकवते आणि पिन स्वतःच्या फोनकडे ओढत विचारते, ‘आजोबा, आज काय लावू?’